काट्यातून काढलेली सवड

सुरुवातीलाच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतं आणि मोठमोठे शब्द मला येत नाहीत. चुकलं असेल तिथे तुम्ही मनातल्या मनात सुधारून घ्या. आणखी एक सांगतो. परीची गोष्ट गोड आवाजात सांगायची असते, पण ही लिहिताना मला सारखा राग येत होता. तो मधूनमधून दिसेल. मी लपवलेला नाही.

आटपाट नगर नव्हतं, राजा नव्हता. एक बाग होती. मागे डोंगर, पुढे झुळझुळ ओढा. बागेत हळदीसारखी पिवळी शेवंती, केशरी झेंडू, चांदण्यासारखी पांढरी गुलछडी आणि मधूनमधून अबोलीचे इवले इवले वाफे. सकाळी दव पडलं की पानापानावर मणी लकाकायचे. बागेच्या कोपऱ्यात एक झोपडी होती, आणि झोपडीत राहायची नऊ वर्षांची येसू आणि तिची आई.

बाग होती आकुबाईंची. येसूची आई त्यांच्याकडे फुलं तोडायची. मग आईला ताप आला, बारीक बारीक, पण उतरेचना. ती अंथरुणाला लागली, आणि तिची परडी येसूच्या कमरेवर आली.

परडीबरोबर आणखी काय काय आलं म्हणून सांगू! आकुबाई ओसरीवरून ओरडायच्या, "येसेऽ! आत्ताच्या आत्ता रांगोळीचा डबा आण!" त्यांचे भाऊ दाजीबा दिवसातून तीनदा फेटा बांधायचे आणि चारदा सोडायचे. ते ओरडायचे, "येसे, आत्ताच्या आत्ता फेट्याच्या निऱ्या धर!" आणि ओसरीवर पिंजऱ्यात एक पोपट होता. त्यालाही तेवढंच येत होतं. "येसेऽ! आत्ताच्या आत्ता!" अगदी आकुबाईंचा आवाज. येसू विहिरीवरून धापा टाकत धावत यायची, तर ओसरीवर कुणी नाही. पोपट मान वाकडी करून मिरची खात बसलेला.

येसू विसरभोळी नव्हती, पण कामंच इतकी होती. म्हणून ती आईसारखं करायची. आईच्या जुन्या लुगड्याची एक पिवळी ओढणी तिला होती. कुणी काम सांगितलं की ती ओढणीला एक गाठ मारायची. काम झालं की गाठ सोडायची. संध्याकाळपर्यंत ओढणी अशी गाठीगाठींची व्हायची की दाजीबा हसायचे, "काय गं, ओढणी आहे की शेवग्याची शेंग?"

पण गाठीत एक खोड असते. सगळ्या गाठी सारख्याच दिसतात.

त्या ओढणीच्या एका टोकाला एक गाठ आठ दिवस तशीच होती. चिंचोक्यासारखी कडक झालेली. आठ दिवसांपूर्वी वैद्यबुवांनी आईची नाडी पाहिली आणि येसूला म्हणाले, "रानातली गुळवेल आण. ठेचून काढा कर आणि रोज दे. आज नाही तर उद्या आण, पण राहू देऊ नकोस, पोरी."

आई पांघरुणातून म्हणाली, "सवड मिळाली की आण गं, चिमणे. घाई नाही."

बघा. आकुबाई म्हणाल्या आत्ताच्या आत्ता, दाजीबा म्हणाले आत्ताच्या आत्ता, पोपटसुद्धा म्हणाला आत्ताच्या आत्ता. एकटी आई म्हणाली, सवड मिळाली की. म्हणून आईचंच काम आठ दिवस मागे पडलं. जो आपल्यावर माया करतो तो ओरडत नाही, आणि ओरडत नाही म्हणून त्याचा नंबर शेवटचा. हा कुठला न्याय? इथे मी पेन इतकं दाबलं की अक्षर वाकडं आलं.

नवव्या दिवशी दुपारी आकुबाईंकडे पाहुणे येणार होते. "येसेऽ! आत्ताच्या आत्ता बनात जा आणि केवडा आण! मला अंबाड्यात हवा. आणि फाटकाची कडी निखळलीय, ती बसव. आणि गुलाबाच्या नव्या कलमांना पाणी घाल. पण आधी केवडा! फूल न घेता आलीस तर झोपडी रिकामी कर, सांगून ठेवते. माझ्या जागेत राहायचं तर माझं ऐकायचं."

येसूने पळता पळता गाठी मारल्या.

ओढ्यापलीकडे केतकीचं बन होतं. तलवारीसारखी हिरवी पानं, पानांना करवतीसारखे काटे, आणि आत कुठेतरी सोनेरी केवडा दडलेला, साऱ्या बनाला सुगंधाची झूल पांघरून. येसू वाकून आत शिरली. तेवढ्यात तिला काहीतरी ऐकू आलं. इतकं बारीक, की मुंगी हुंदका देईल तर असाच देईल.

येसू थांबली. पाठीवर आकुबाईंचा "आधी केवडा!" अजून आदळत होता. तरी ती थांबली. पानं बाजूला केली, तर काट्यांमध्ये एक परी अडकली होती. बोराएवढी! लसणाच्या सालीसारखे जांभळट, पारदर्शक पंख, अबोलीच्या पाकळीचा झगा, आणि डोळे... डोळे रागाने निखाऱ्यासारखे लाल!

"सकाळपासून सात माणसं गेली इथून!" परी फणकारली. "सात! एकालाही ऐकू गेलं नाही. का, तर मी ओरडत नाही!"

"रडू नकोस गं," येसू म्हणाली.

"मी रडत नाहीये. मी रागावलेय. रागावले की माझ्या डोळ्यांतून पाणी येतं."

"माझ्यापण," येसू म्हणाली. तिने एकेक काटा हलकेच बाजूला केला. बोटांना ओरखडे आले, रक्ताचे लालचुटुक थेंब आले, पण पंखाचं एक टोकही तिने फाटू दिलं नाही. परी सुटली. तिने पंख झटकले, आणि साऱ्या बनात शेंदरी, निळी, रुपेरी भुकटी उडाली.

"तुझं नाव काय?" येसूने विचारलं.

"सवड."

"अय्या! आई रोज तुझंच नाव घेते. सवड मिळाली की, सवड मिळाली की."

"सगळे तेच म्हणतात!" परीच्या झग्यातून ठिणग्या उडाल्या. "सवड मिळाली की! मी काय रस्त्यात पडलेली कवडी आहे, मिळायला? मी मिळत नाही कुणाला. मला काढावं लागतं. काट्यातून. हाताला ओरखडे घेऊन. तू काढलंस, म्हणून तुला तीन वर देते. दाखव ती ओढणी."

येसूने ओढणी पुढे केली.

"नियम ऐक. तू ज्या गाठीला बोट लावशील ते काम माझ्या फुंकरीसरशी होईल. बोट एकदा लागलं की लागलं, मागे घेता येणार नाही. दुसरं, ऊन त्या सोनेरी केवड्यावरून उतरलं की माझी फुंकर संपली. आणि तिसरं..."

तेवढ्यात दूर बागेतून आवाज आला, "येसेऽ! आत्ताच्या आत्ता!"

येसू दचकली. भीतीने जी गाठ हाताला लागली तिलाच तिने बोट लावलं. फूऽऽ! गाठ सुटली. तिकडे ओसरीवर दाजीबांच्या फेट्याला बावीस सुरेख निऱ्या पडल्या.

"फेटा!" परी आता तांबडीलाल झाली होती. "एक वर, आणि तू तो फेट्यावर घातलास? आणि हाक कुणी मारली ठाऊक आहे? पोपटाने!"

येसूचा चेहरा एवढासा झाला. "मला कळतच नाही गं. सगळ्या गाठी सारख्याच दिसतात. जो ओरडतो त्याची आधी सोडते."

परीचा राग थोडा निवला. ती येसूच्या मनगटावर येऊन बसली. "ओढणीला टोकं किती?"

"चार."

"मग एकाच टोकाला सगळ्या गाठी कशाला? पसर बघू गवतावर. तोवर मी फुंकर रोखून धरते, गाठी खुशाल हाताळ. आता प्रत्येक गाठीला दोन प्रश्न विचार. आज कोण ओरडेल? आणि उद्या कोण रडेल?"

येसूने ओढणी पसरली. पिवळ्या ओढणीवर केवड्यातून गाळलेलं ऊन पडलं आणि तिची जरीची झाली. येसूने पहिली गाठ धरली. "हा केवडा. आज आकुबाई ओरडतील. खूप ओरडतील."

"आणि उद्या?"

येसूने खूप विचार केला. "उद्या... कुणीच नाही रडणार. केवडा तर उद्या सुकून जाईल."

"मग ती त्या टोकाला. ओरडणाऱ्यांच्या. पुढची?"

"ही फाटकाची. ओढ्यावर गुरं आलीत. ती आत शिरली तर सगळी बाग खाऊन टाकतील. आज ओरडतील आणि उद्या रडतीलपण."

"तिला वेगळं टोक. सगळ्यात आधीचं."

"ही कलमांची. कलमं कुठे ओरडतात? पण उन्हाने माना टाकतील, आणि उद्या मेलेली असतील." येसूने ती तिसऱ्या टोकाला नेली. मग एक गाठ तिने उलटीसुलटी करून पाहिली. "ही कशाची कोण जाणे. मला आठवतच नाही."

"तू विसरलीस, आणि ज्याने सांगितलं तोही विसरला. झटक तिला."

येसूने ती गाठ चौथ्या टोकाला ढकलली आणि ओढणी झटकली. गाठ आपोआप सुटली. दोघी पहिल्यांदाच खुदकन हसल्या.

मग येसूचं बोट शेवटच्या गाठीवर आलं. चिंचोक्यासारख्या कडक गाठीवर. ती नखाने ती गाठ खरवडत राहिली.

"विचार," परी हळूच म्हणाली.

"ही आईची. आज... आई ओरडणार नाही. आई कधीच ओरडत नाही."

"आणि उद्या?"

येसूला काल संध्याकाळचं आठवलं. आईने पाण्याचा तांब्या मागितला होता, तो आवाज इतका हलका होता की दोनदा विचारावं लागलं. उद्या कोण रडेल हे तिला कळलं होतं.

आणि मग तिला राग आला. एवढीशी चिमणी पोर, पण राग डोंगराएवढा! "आठ दिवस! आठ दिवस मी पोपटासाठी धावले! निऱ्या धरल्या! रांगोळीचा डबा आणला! आणि गुळवेल तर... ती बघ!" बनाच्या कडेला एक कडुनिंब होता, आणि त्याच्या खोडावरून हिरवीगार गुळवेल लोंबत होती. "मी रोज इथून जाते! रोज! हे परी, हीच गाठ सोड. फुंकर मार!"

परीने मान हलवली. "तिसरा नियम तू ऐकूनच घेतला नाहीस. जी गाठ मायेची, ती जादूने सुटत नाही. ती आपल्याच हातांनी सोडवायची असते."

"मग तुझ्या वरांचा काय उपयोग?" येसू पाय आपटून ओरडली.

मला वाटलं होतं, परी आता चिडेल. ती चिडली नाही. म्हणाली, "राग आला ते बरं झालं. पण तो डोक्यात घालू नकोस, येसू. पायात घाल."

येसूने डोळे पुसले. केवड्यावरचं ऊन बोटभर उरलं होतं. तिने फाटकाच्या गाठीला बोट लावलं. फूऽऽ! दूर कुठेतरी कडी खट्कन बसली. तिने कलमांच्या गाठीला बोट लावलं. फूऽऽ! ओढ्याचं पाणी थेंबाथेंबाने उडत गेलं, उन्हात इंद्रधनुष्याचा इवलासा तुकडा चमकला आणि कलमांच्या मुळाशी जाऊन विरघळला. ऊन उतरलं, आणि परी दिसेनाशी झाली. केवड्याची गाठ तशीच राहिली. तिच्याकडे येसूने बघितलंसुद्धा नाही.

ती कडुनिंबावर चढली. गुळवेलीची कांडं दातांनी तोडली, कडू कडू चव तोंडभर पसरली. कांडं ओढणीत बांधून ती निघाली. राग खरंच पायात गेला होता. पाय नुसते उडत होते.

वाटेत, ओसरीपुढे, आकुबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "आलात का राणीसाहेब! केवडा कुठाय?"

"आणला नाही."

"आणला नाही? मग ओढणीत काय आहे?"

"गुळवेल. आईसाठी. आधी काढा करते, मग तुमचं काय ते."

"काढा!" आकुबाईंचा आवाज चढला. "काढा रात्रीपण होईल. आई काय पळून चाललीय का तुझी?"

येसू थांबली. तिला भीती वाटत होती. तरी ती मान वर करून म्हणाली, "हो. आया पळून जातात, आकुबाई. न ओरडता."

दाजीबा बावीस निऱ्यांच्या फेट्यात तसेच उभे राहिले. आकुबाईंचे कमरेवरचे हात खाली आले. पोपट तेवढा ओरडला, "येसेऽ! आत्ताच्या आत्ता!"

"तू गप रे!" येसू म्हणाली, आणि पळाली.

तिने चूल पेटवली. गुळवेल ठेचली. पाणी उकळलं, आटलं, सोन्यासारखं पिवळं झालं. तिने आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटी तिच्या ओठांना लावली. आईने घोट घोट काढा घेतला, तोंड वाकडं केलं आणि हसली. "मिळाली का गं सवड?"

"मिळाली नाही, आई. काढली."

आणि येसूने ओढणीचं ते टोक घेतलं. नखं लावून, ओरखडलेल्या बोटांनी, ती चिंचोक्यासारखी कडक गाठ सोडवायला बसली. सुटेना, सुटेना, आणि सुटली. तिच्यातून केवड्याचा घमघमाट आला, आणि मोहरीएवढा उजेडाचा एक दाणा बाहेर पडला. दाण्याला लसणाच्या सालीसारखे पंख होते. पण डोळे आता लाल नव्हते. परी हसत होती.

"ही ओढणी जपून ठेव," ती म्हणाली. "आजपासून फुकाच्या कामाची गाठ हिला बसणार नाही."

तिने आईच्या कपाळावर एक गिरकी घेतली. झोपडी गुलाबी झाली, मग निळी, मग लख्ख पांढरी. भांड्याला भांडं लागावं तसा किणकिण आवाज झाला. त्या उजेडातच परी विरून गेली. आईच्या कपाळावर घामाचे टिपूस उभे होते. ताप उतरत होता.

सकाळी आकुबाई झोपडीच्या दारात आल्या. येसू आईपुढे उभी राहिली. आकुबाईंचे डोळे सुजले होते. फाटकाबाहेर चिखलात गुरांच्या खुरांचे ठसेच ठसे होते, आणि आत एकही नव्हता. नवी कलमं ताठ उभी होती.

"फाटक कुणी लावलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

त्यांनी पदर सारखा केला. आत अंथरुणाकडे बघितलं. मग एवढंच म्हणाल्या, "काढा गरम आहे तोवर दे तिला. फुलं मग तोड." आणि गेल्या. झोपडी रिकामी करण्याचं पुन्हा कुणी काढलं नाही. पंधरा दिवसांनी येसूची आई परडी घेऊन शेवंतीत उभी राहिली, आणि येसू तिच्या शेजारी उगाचच उड्या मारत होती.

ओढणीचं म्हणाल तर परीचा शब्द खरा ठरला. दाजीबांनी फेट्याचं काम सांगितलं की येसू गाठ मारायची आणि गाठ सुर्रकन सुटून जायची. आई काही म्हणाली की गाठ घट्ट बसायची. आणि पोपट? तो महिनाभर गप्प होता. मग एक दिवस तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "सवडीनं गं, येसू." कुणी शिकवलं त्याला, कुणास ठाऊक.

माझी गोष्ट संपली. ती काल लिहून झाली. आज सकाळी उठलो तर मी कामाला जातो त्या रोपवाटिकेच्या मालकांचा फोन वाजत होता. "आत्ताच्या आत्ता ये, कुंड्या रंगवायच्यात." मी म्हटलं, "अकराला येतो." असं मी आजवर कधी म्हटलं नव्हतं. मग गादीखालून सतरा नंबरचा फॉर्म काढला, शाळेत न जाता दहावीला बसायचा. माझ्या जुन्या शाळेतल्या शिंत्रे बाईंनी तो दोन महिन्यांपूर्वी दिला होता. म्हणाल्या होत्या, "सवडीनं भर, पण राहू देऊ नकोस." मी पाट ओढून उंबऱ्यापाशी उजेडात बसलो आणि पहिल्या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासून.